मॉसच्या कुपीचे दात: जगभरच्या मॉसची कुळं आणि त्यांचा पसारा

पानगळ

भिंगाखाली मॉसची एक पिकलेली कुपी धरा. झाकण गळून पडलेलं, तोंड उघडं. तोंडाच्या कडेला बारीक लालसर दातांची महिरप दिसेल. आता तिच्यावर हलकेच श्वास सोडा. श्वासातल्या ओलाव्याने ते दात आत वळतात आणि तोंड मिटतं. थोडं थांबा. दात वाळतात, पुन्हा बाहेर झुकतात, आणि दोन दातांमधल्या फटीतून बारीक भुकटी झडते. ती भुकटी म्हणजे बीजाणू.

मी हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी दुसरं काही केलंच नाही. तासभर एकाच कुपीवर श्वास सोडत बसले होते. मग वाचत गेले. पुस्तकांत मॉसचं वर्गीकरण एका प्रकरणात असतं आणि त्यांचा जगभरचा प्रसार दुसऱ्या, पण मला दोन्हीकडे हेच दात भेटत राहिले. कूळ ओळखायचं तर दात मोजायचे, आणि बीजाणू दूर कसे जातात हे समजून घ्यायचं तरी दातांपाशीच यायचं. त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं म्हणून हा धागा.

आधी शब्दाचा गोंधळ. आपण 'शेवाळ' हा एकच शब्द निदान दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. पाण्यातलं बुळबुळीत हिरवं ते शैवल. ओल्या दगडावरची मखमली गादी ते मॉस. परिभाषेत मॉसला 'हरिता' असा सुंदर शब्द आहे, पण तो रोजच्या बोलण्यात रुजला नाही, म्हणून मी मॉसच म्हणते. गादीतलं एकेक रोप वेगळं केलं तर त्याला खोड दिसतं, पानं दिसतात. मुळं मात्र नसतात. मुळांच्या जागी नुसते धरून ठेवणारे तंतू असतात, त्यांना मूलाभ म्हणतात. पाणी बहुतेक सगळ्या अंगाने प्यायचं, आणि पाणी संपलं की वाळून गप्प बसायचं.

बीजाणू रुजला की लगेच रोप येत नाही. आधी हिरव्या तंतूंचं जाळं पसरतं, त्याला प्रोटोनेमा म्हणतात. ग्रीकमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ 'पहिला धागा'. त्या धाग्यावर कळ्या येतात आणि कळ्यांतून पानांची रोपं. रोपाच्या अंगावर पुढची पिढी उभी राहते: एक दांडी आणि टोकाला कुपी. ती अखेरपर्यंत आईला चिकटलेली, बरंचसं पोषण आईकडूनच घेणारी. कुपीवर सुरुवातीला एक टोपी असते. टोपी गळते, मग झाकण गळतं, मग दात दिसतात.

लिनियसने १७५३ साली मॉस 'क्रिप्टोगॅमिया' या शेवटच्या, चोविसाव्या वर्गात टाकली होती. क्रिप्टोगॅमिया म्हणजे ज्यांचं लग्न लपलेलं आहे अशा वनस्पती. कुपी म्हणजे फुलातला परागकोश असावा असा त्याचा समज होता. तो खोडून काढला योहान हेडविग या डॉक्टरने. दिवसा रुग्ण आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शक, असं त्याचं आयुष्य. मॉसचे नर आणि मादी अवयव कुठे असतात, बीजाणूतून काय उगवतं, हे त्याने डोळ्यांनी पाहून दाखवलं आणि कुपीच्या दातांवर वर्गीकरण उभं केलं. १७९९ साली तो गेला. त्याचा मुख्य ग्रंथ १८०१ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. आजही मॉसच्या शास्त्रीय नावांची गणना १८०१ पासूनच सुरू होते. अपवाद फक्त स्फॅग्नमच्या कुळाचा, तिथे लिनियसचं १७५३ चालतं.

आज जगात मॉसच्या साधारण १२,००० जाती मानल्या जातात. त्या सध्या आठ वर्गांत मांडतात, पण हे आठ वर्ग एकमेकांच्या तोलाचे अजिबात नाहीत. ब्रायोप्सिडा या एकाच वर्गात नव्वद टक्क्यांहून जास्त जाती आहेत. उरलेल्या सात वर्गांत मूठभर. मला ते मूठभरच जास्त ओढ लावतात.

स्फॅग्नम: याला दात नाहीतच. कुपी वाळताना आक्रसते, झाकण ताडकन उडतं आणि बीजाणूंचा ढग धुराच्या वलयासारखा १० सेंमीच्या वर फेकला जातो. हे रोप जमिनीलगत दलदलीत राहतं. तिथे हवा जवळजवळ स्थिर, त्यामुळे वाऱ्यापर्यंत पोचायला एवढी उडी घ्यावीच लागते.

आंद्रिया: उघड्या खडकावरचं काळपट मॉस. कुपीला चार उभ्या चिरा पडतात आणि ती वाळली की आकाशकंदिलासारखी फुगते. हिचीच नातलग आंद्रियोब्रायम, अलास्का आणि वायव्य कॅनडात सापडणारी, वर्गात एकटीच.

टेट्राफिस: चारच दात, जाडजूड. पॉलिट्रायकम: ३२ किंवा ६४ बुटके दात आणि त्यांच्या टोकांवर ताणून बसवलेला पातळ पडदा. वाऱ्याने दांडी हलली की पडद्याच्या कडेच्या भोकांतून मीठदाणीतून मीठ पडावं तसे बीजाणू पडतात. याच वर्गातलं डॉसोनिया सुपर्बा हे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचं मॉस अर्धा मीटर उंच होतं. ईडिपोडियमची एकच जात, दात नाहीत.

आणि ब्रायोप्सिडा. इथे दात साधारण १६ आणि त्यांची घडण वेगळीच आहे. पॉलिट्रायकमचा एकेक दात अख्ख्या मृत पेशींचा बनतो. ब्रायोप्सिडात पेशी विरून जातात आणि शेजारच्या दोन पेशींमधल्या भिंतीचे तुकडे तेवढे उरतात. दाताची एक बाजू एका पेशीची देणगी, दुसरी बाजू दुसरीची. दोन्ही बाजू ओलाव्याला सारख्या फुगत नाहीत, म्हणून दात वाकतो. काहींना दातांचं एकच कडं, काहींना दोन. बाहेरचं हलणारं आणि आतलं जाळीदार.

आठवा वर्ग ताकाकिया. त्याची गोष्ट मोठी आहे, पुढच्या प्रतिसादात लिहिते.

---

श्रावणसर

वा! सुंदर सुरुवात. शाळेत 'वनस्पतीसृष्टीचे उभयचर' एवढं एक वाक्य पाठ केलं होतं, त्यापलीकडे काही आठवत नाही. एक विचारायचं होतं. ब्रायोफायटात रिक्सिया, मार्केंशिया, अँथोसेरॉस पण होते ना? ते मॉसच्या आठ वर्गांत कुठे बसतात?

---

मास्तर

श्रावणसर, ते या आठांत येत नाहीत. मार्केंशिया आणि रिक्सिया या यकृतका, अँथोसेरॉस ही शृंगका. मॉस, यकृतका आणि शृंगका हे तीन वेगळे विभाग आहेत. यकृतकांच्या ७,००० च्या वर जाती, शृंगकांच्या जेमतेम दोन-अडीचशे. 'ब्रायोफायटा' हे नाव पूर्वी तिघांना मिळून होतं, आता काटेकोर अर्थाने फक्त मॉसला वापरतात. जुनी पाठ्यपुस्तकं आणि नवे लेख एकत्र वाचताना घोळ होतो तो यामुळेच.

मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. फळ्यावर एक वंशवृक्ष काढायचो: सगळ्यांत खाली यकृतका, मग मॉस, मग शृंगका, आणि शृंगकांपासून पुढे नेचे आणि फुलझाडं. जणू एका शिडीच्या पायऱ्या. निवृत्तीनंतर जनुकांवरचे नवे अभ्यास वाचले तेव्हा कळलं की ती शिडी बरोबर नव्हती. शेकडो जनुकं एकत्र ताडून पाहिली तर मॉस आणि यकृतका एकमेकींच्या सख्ख्या बहिणी ठरतात, आणि बहुतेक अभ्यासांत तिन्ही मिळून एकच शाखा होते. म्हणजे मॉस हे फुलझाडांकडे जाणाऱ्या वाटेवरचं अर्धवट स्टेशन नव्हे. फुलझाडांची शाखा जेवढी जुनी तेवढीच यांचीही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी इथे असेल तर त्यांनी फळ्यावरची ती आकृती कृपया दुरुस्त करून घ्यावी.

---

दगडफूल

नावाच्या गोंधळात थोडी भर. इंग्रजीत 'मॉस' म्हणवणाऱ्या कितीतरी गोष्टी मॉस नाहीतच. झाडांवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस हे अननसाच्या कुळातलं फुलझाड. रेनडियर मॉस हे लायकेन, म्हणजे आमच्या दगडफुलाचं भावंड. आयरिश मॉस हे समुद्रातलं लाल शैवल. क्लब मॉसला तर चांगल्या रसवाहिन्या असतात, म्हणजे ते नेच्यांसारखं, मॉस नव्हे. समुद्राचं नाव निघालंच आहे तर, खऱ्या मॉसची समुद्राच्या पाण्यात राहणारी एकही जात नाही. खाऱ्या तुषारांत भिजणाऱ्या खडकांवर शिस्टिडियम मॅरिटिमम वाढतं, ते सगळ्यांत जवळ गेलेलं.

---

पानगळ

मास्तर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. 'अर्धवट स्टेशन नव्हे' हे फार महत्त्वाचं आहे.

आता ताकाकिया. जपानच्या उंच डोंगरांत नोरिवो ताकाकी यांना एक रोप सापडलं. खोडावर पानांऐवजी बारीक शेंगांसारखे उंचवटे, मूलाभ नाहीत, कुपी कुणी पाहिलेली नाही. हे शैवल, यकृतका की मॉस, कुणालाच ठरवता येईना. जपानीत त्याला 'नानजामोनजा-गोके' म्हणतात. 'हे आहे तरी काय' अशा अर्थाचं नाव आहे ते. १९५८ साली ताकाकींचं नाव देऊन त्याची नोंद झाली, यकृतकांमध्ये. मग लक्षात आलं की याच प्रजातीतली एक जात हिमालयातून गोळा होऊन १८६१ सालीच वेगळ्या नावाने वर्णिली गेली होती. गुणसूत्रं मोजली तर एका संचात चार. जमिनीवरच्या वनस्पतींत इतकी कमी क्वचितच आढळतात.

कोडं सुटलं ते कुपीनेच. अल्यूशियन बेटांवर ताकाकियाची कुप्या धरलेली रोपं मिळाली आणि १९९३ साली ते प्रसिद्ध झालं. दांडी मॉससारखी चिवट, डोक्यावर टोपी, आणि कुपी एका पीळदार चिरेने उघडणारी. यकृतकांचं असं नसतं. ताकाकिया त्या दिवसापासून मॉसमध्ये आली. आज तिच्या दोनच जाती आहेत: हिमालय-तिबेट, जपान, अल्यूशियन, अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा अशा तुटक तुटक ठिकाणी. २०२३ साली तिचा जनुकसंच वाचून झाला. तिचा वंश सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला असा त्यातला अंदाज आहे. हिमालय वर यायच्या कितीतरी आधीचं हे रोप हिमालयाबरोबर उचललं गेलं आणि तिथल्या कडक उन्हाला सरावलं.

---

सूक्ष्मदर्शी

पानगळ, लेख आवडला, पण एका मुद्द्यावर मी असहमत आहे. दातांवरून कूळ ओळखता येतं हे तुम्ही जरा सरसकट लिहिलं आहे. हेडविगच्या पद्धतीतली सगळ्यांत मोठी अडचण दातांचीच होती, कारण दात हरवतात! झाडाच्या सालीवर राहणाऱ्या मॉसमध्ये आतलं कडं खुरटणं हे वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडलेलं आहे. चिखलावर काही आठवड्यांत जीवन उरकणाऱ्या मॉसमध्ये तर झाकणही उरत नाही. फिस्कोमिट्रियम पेटन्सचंच बघा. २००८ साली या गटात पहिल्यांदा ज्याचा जनुकसंच वाचला गेला, ते प्रयोगशाळेतलं मॉस. त्याला दात नाहीत, झाकण नाही, कुपी कुजून फुटते. फक्त तोंड बघून वर्गीकरण केलं तर त्याला दात नसलेल्या परक्यांच्या शेजारी बसवावं लागेल. खरं तर ते फ्युनेरियाच्या कुळातलं आहे, आणि फ्युनेरियाला दुहेरी कड्यांचे देखणे दात असतात.

आणखी एक मोठी फूट दातांत दिसतच नाही, ती वाढीच्या पद्धतीत आहे. काही मॉसची कुपी उभ्या खोडाच्या टोकाला येते, काहींची सरपटत्या खोडाच्या बगलेत. दुसऱ्या प्रकारातला हिप्नेल्स हा गण एकटाच हजारो जातींचा. पूर्वीची त्यातली कुळं दातांवर बांधलेली होती. डीएनए आल्यावर त्यांतली बरीचशी मोडून पुन्हा मांडावी लागली, अजूनही मांडणं चालू आहे.

---

पानगळ

मान्य. दात असतात तेव्हा ते पुष्कळ सांगतात, नसतात तेव्हा गप्प बसतात, असं लिहायला हवं होतं. पण दात का हरवतात हे मला तेवढंच मोलाचं वाटतं. चिखलातलं मॉस पुढच्या वर्षी त्याच चिखलात उगवणार असतं. त्याला बीजाणू दूर पाठवायची निकडच नाही, मग दातांचा खटाटोप कशाला? म्हणजे दातांचं नसणंही प्रसाराचीच गोष्ट सांगतं.

स्प्लॅक्नम तर तिसऱ्याच वाटेने गेलं. हे प्राण्यांच्या शेणावर उगवतं. ताजं शेण वाऱ्याने कसं शोधायचं? म्हणून कुपीखालचा भाग फुगून रंगीत होतो, स्प्लॅक्नम ल्युटियममध्ये पिवळ्या छत्रीसारखा, आणि कुजका वास सोडतो. माश्या येतात, चिकट बीजाणू अंगाला लावून घेतात आणि पुढच्या शेणावर नेऊन ठेवतात. फुलं नसलेल्या वनस्पतीने कीटकांना हाताशी धरलेलं पाहून मी थक्क झाले होते.

---

केतकी_न

वाचतेय. प्रसाराबद्दल अजून लिहा ना. एकच मॉस जगभर असतं का?

---

उत्तरवारा

केतकी, काही असतात. ब्रायम अर्जेंटियम हे चंदेरी झाक असलेलं मॉस शहरातल्या फरशांच्या सांध्यांत असतं आणि अंटार्क्टिकातही असतं. सेराटोडॉन परप्युरियस तसंच. फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका जळलेल्या जमिनीवर कुठल्याही खंडात पहिल्यांदा येतं. पण बहुतेकांचा नकाशा मर्यादित असतो, आणि तो नकाशा कशाने ठरला यावर बराच वाद झालेला आहे.

दक्षिण गोलार्धात चिली, टास्मानिया आणि न्यूझीलंड इथली मॉस एकमेकांच्या फार जवळची आहेत. मधे हजारो किलोमीटर समुद्र. पूर्वी याचं एकच उत्तर दिलं जायचं: गोंडवन. भूखंड एकत्र होता, तुटला, मॉस वाटली गेली. पण बीजाणूंचं माप बघा. बहुतेक १० ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढी भुकटी वाऱ्यावर समुद्र सहज ओलांडेल. २००४ साली स्पेनमधल्या संशोधकांनी उपग्रहांनी मोजलेले वारे आणि दक्षिणेकडच्या बेटांवरच्या मॉसच्या याद्या शेजारी ठेवल्या. ज्या दोन जागा वाऱ्याने जोडलेल्या आहेत त्यांची मॉस जास्त सारखी निघाली. नुसतं जवळ असून तेवढं साम्य नव्हतं.

मी वाऱ्याच्या बाजूचा आहे. अर्थात सगळी मॉस एका मापाने मोजता येत नाहीत. आर्किडियमचे बीजाणू डोळ्यांना दिसण्याइतके मोठे असतात, ते कुठे उडणार!

---

मास्तर

उत्तरवारा, वाऱ्याला एक जोडीदार द्या: पक्षी. काही मॉस उत्तर ध्रुवाजवळ असतात, थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असतात आणि मधल्या उष्ण पट्ट्यात मुळीच नसतात. २०१४ साली उत्तर ध्रुवीय प्रदेशातून दक्षिणेकडे निघणाऱ्या पाणपक्ष्यांची पिसं तपासली तेव्हा त्यांत मॉसचे तुकडे आणि बीजाणू अडकलेले सापडले. मॉसला बीजाणूच लागतात असंही नाही. पानाचा तुकडासुद्धा नवं रोप देऊ शकतो.

माणूसही आहेच. मूळचं दक्षिण गोलार्धातलं कॅम्पिलोपस इंट्रोफ्लेक्सस १९४१ साली ब्रिटनमध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलं. आता ते युरोपात वाळूच्या टेकड्यांवर दाट चटई पसरवून तिथल्या मूळच्या लायकेनना हुसकावतं आहे. दगडफूल यांना हे वाचून वाईट वाटेल.

---

दगडफूल

वाटलंच.

---

केतकी_न

मग सगळ्यांत जास्त मॉस विषुववृत्ताजवळच्या जंगलात असणार ना? तिथे एवढा पाऊस पडतो.

---

पानगळ

केतकी, मलाही असंच वाटायचं, आणि ते चुकीचं निघालं. झाडं, पक्षी, फुलपाखरं विषुववृत्ताकडे जाताना वाढत जातात. मॉसमध्ये तसा स्पष्ट चढ दिसत नाही. सखल उष्ण जंगलाच्या जमिनीवर तर मॉस चकित करण्याइतकी कमी असतात. एक तर वरून पानांचा पाऊस सतत पडतो, गादी जमायच्या आत झाकली जाते. दुसरं कारण रात्रीचं. उष्ण, दमट रात्री मॉस ओलं राहतं, श्वसन चालू राहतं आणि दिवसभर अंधुक उजेडात कमावलेली साखर रात्रीत संपते. खर्च कमाईपेक्षा जास्त.

तीच जंगलं डोंगरावर दोन-अडीच हजार मीटरवर जाऊन बघा. रात्री थंड, दिवसभर ढग फांद्यांत अडकलेले. तिथे फांदी दिसतच नाही, फक्त मॉस आणि यकृतका दिसतात. नकाशावर अक्षांश एकच, मॉसचं जग वेगळंच.

समृद्धीचं दुसरं टोक दक्षिणेकडे, दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, केप हॉर्नच्या परिसरात. वादळी, थंड, कायम ओलं. जगातल्या मॉस-यकृतकांच्या सुमारे ५ टक्के जाती तिथे एकवटल्या आहेत. तिथे लोकांना भिंगं देऊन जमिनीवर पालथं झोपवून ही 'छोटी जंगलं' दाखवतात. मला एकदा तरी तिथे पालथं झोपायचं आहे.

---

श्रावणसर

आणि वाळवंट? बर्फ?

---

सूक्ष्मदर्शी

वाळवंटाचं मी लिहितो, सिंट्रिकिया कॅनिनर्व्हिसवर माझं फार प्रेम आहे. अमेरिकेतलं मोहावी आणि चीनमधलं गुरबानतुंगुत ही त्याची घरं. पानाच्या टोकाला पांढरा केस असतो, त्यावर सूक्ष्म काटे. धुक्याचे थेंब केसावर गोळा होतात आणि घरंगळत पानाकडे येतात. म्हणजे हे रोप मुळांनी नाही, केसांनी पाणी पितं. वाळलं की काळं पडतं, पाणी मिळालं की काही सेकंदांत हिरवं होतं. २०२४ साली चीनमधल्या अभ्यासात त्याने ९८ टक्के पाणी गमावून आणि उणे ८० अंशांत पाच वर्षं राहूनही पुन्हा वाढ धरली. मोहावीत तर मॉस दुधी गारगोटीच्या खाली राहताना सापडलं आहे. गारगोटीतून उजेड गाळून येतो, ऊन सौम्य होतं आणि ओल टिकते. दगडाचं छप्पर, तेही पारभासक.

पण या वाळवंटी मॉसचे नर फार दुर्मीळ असतात. म्हणून कित्येक गाद्यांत कुपी धरतच नाही, आणि मग पानगळ यांचे दात मोजायची सोयच उरत नाही.

---

उत्तरवारा

बर्फाचं माझ्याकडे. अंटार्क्टिकाला मूळच्या फुलझाडांच्या दोन जाती आहेत, एक गवत आणि एक गादीसारखं पसरणारं छोटं रोप. मॉसच्या शंभराच्या वर. सिग्नी बेटावर गोठलेल्या मॉसच्या थरांतून काढलेल्या गाभ्यात १,५०० वर्षांहून जुनं मॉस होतं. प्रयोगशाळेत त्याला उजेड आणि ऊब दिली, आणि काही आठवड्यांत त्याला नवे हिरवे कोंब फुटले. २०१४ ची गोष्ट आहे ही. ज्या मॉसवर पंधरा शतकं उजेडाचा किरण पडला नव्हता त्याने पुन्हा वाढायला लागावं, हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

आइसलँड आणि अलास्कात हिमनद्यांवर मॉसचे गोळे फिरतात, त्यांना 'हिमनदीचे उंदीर' म्हणतात. २०२० साली आलेल्या अलास्कातल्या अभ्यासात ते दिवसाला सरासरी अडीच सेंमी सरकत होते, आणि सगळे एकाच दिशेने.

---

मास्तर

स्फॅग्नमला इथे अजून न्याय मिळालेला नाही. पीट, म्हणजे अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींच्या जमिनी, भूपृष्ठाच्या सुमारे ३ टक्केच आहेत, पण त्यांत जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन साठला आहे. उष्ण प्रदेशातलं पीट झाडांचं असतं. रशिया, कॅनडा, स्कँडिनेव्हियातल्या पीटचा मोठा भाग मात्र स्फॅग्नमचा. त्याच्या पानात जिवंत हिरव्या पेशींच्या मधे मोठ्या मृत पोकळ पेशी असतात. त्या म्हणजे पाण्याच्या टाक्या. कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी त्यांत मावतं. स्फॅग्नम भोवतालचं पाणी आंबट करतं, त्यात कुजणं मंदावतं. डेन्मार्कच्या दलदलीत १९५० साली सापडलेला 'टोलुंडचा माणूस' हा मृतदेह दोन हजारांहून जास्त वर्षं टिकला तो यामुळे. त्याच्या चेहऱ्यावरची दाढीची खुटंसुद्धा दिसतात.

वर्गीकरणाच्या दृष्टीने मला भावलेली गोष्ट म्हणजे स्फॅग्नम मॅगेलानिकम. मॅगेलनच्या सामुद्रधुनीवरून त्याचं नाव पडलं. लालभडक, आणि युरोप, उत्तर अमेरिका सगळीकडे हेच नाव लिहिलं जायचं. जगभर पसरलेल्या जातीचं उदाहरण म्हणून मीही वर्गात हेच द्यायचो. २०१८ साली जनुकं आणि पानांचे छेद ताडून पाहिले तर उत्तरेत दोन वेगळ्या जाती निघाल्या, स्फॅग्नम मीडियम आणि स्फॅग्नम डिव्हायनम. मॅगेलानिकम हे नाव दक्षिण अमेरिकेतल्या रोपांकडे परत गेलं. एका सकाळी नकाशावरचा एवढा मोठा रंगीत पट्टा पुसला गेला. जुन्या संग्रहालयांतले नमुने आता पुन्हा एकेक करून बघावे लागत आहेत.

---

केतकी_न

म्हणजे 'हे मॉस जगभर असतं' हे विधान नावावर अवलंबून आहे! ब्रायम अर्जेंटियमचंही उद्या असंच होईल का?

---

सूक्ष्मदर्शी

प्रश्न अगदी योग्य जागी लागला. नाव चुकलं तर नकाशा चुकतो. उलटही होतं: दोन खंडांत दोन नावांनी नोंदलेली रोपं एकच निघतात आणि नकाशा रुंद होतो. एकोणिसाव्या शतकात नव्या देशातून आलेलं मॉस म्हणजे नवी जात, असं धरून भराभरा नावं दिली गेली. त्यांतली पुष्कळ आता एकमेकांत विलीन झाली आहेत.

नकाशा नीट असला की तो किती कामाचा ठरतो याचं उदाहरण ओत्झी. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेला पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्या कपड्यांत आणि पोटात मॉसचे तुकडे होते, त्यांतलं एक नेकेरा काँप्लानाटा. हे सपाट पानांचं मॉस त्या उंचीवर वाढत नाही, दक्षिणेकडच्या खालच्या दऱ्यांत वाढतं. जिम डिक्सन यांनी त्यावरून तो दक्षिणेकडून वर चढून आला असावा हे दाखवलं.

---

श्रावणसर

काल आणि आज मिळून मी धाग्यातलं पहिलं वाक्य करून पाहिलं. दहा पटींचं भिंग आहे माझ्याकडे. भिंतीच्या कडेला लालसर-जांभळ्या दांड्या दिसल्या. कुपी थोडी कलती, वाळून तिच्यावर उभ्या खाचा पडलेल्या. दोन कुप्यांवर झाकण होतं, तिसरी उघडी. श्वास सोडला आणि दात खरोखर आत गेले! नातीला बोलावलं, तिनेही करून पाहिलं, मग ती ऐकेचना.

पण दात मोजता मोजता अडकलो. नातीने ३२ मोजले, मी १६. एक कडं आहे की दोन?

---

पानगळ

श्रावणसर, किती आनंद झाला म्हणून सांगू! बहुधा दोघांचंही बरोबर आहे. दात १६ असतील, पण प्रत्येक जवळजवळ बुडापर्यंत चिरलेला, चिमट्याच्या दोन पायांसारखा. नातीने पाय मोजले, तुम्ही चिमटे. कडं एकच. जांभळी दांडी आणि खाचांची कलती कुपी यांवरून मला सेराटोडॉन परप्युरियस वाटतंय, उत्तरवारांनी वर लिहिलेलं तेच.

खात्रीसाठी एक पान सुटं करून पाण्याच्या थेंबात ठेवा आणि कड बघा. कड बाहेरच्या अंगाला गुंडाळलेली असायला हवी. शिवाय कुपी दांडीला जिथे जुळते तिथे गळ्याला गाठ आल्यासारखा छोटा फुगवटा दिसतो का, तेही सांगा.

---

श्रावणसर

फुगवटा आहे. पान नात बघते आहे, भिंग अजून माझ्या हातात आलेलं नाही.